डाव्या नाकावरची पट्टी

...नाही, छोटी शर्यत म्हणजे छोटं काम, हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका, नव्या मेकॅनिक मंडळींनो, आणि मग बसा. आणि तो कागद फिरतोय ना, त्यावर सही करा, शेजाऱ्याने स्वतः केली का ते बघा, बघितलं म्हणून पुढच्या रकान्यात टिक करा आणि पुढे द्या. फिरू दे त्याला. मी बोलतो.

माझा मेहुणा पण हेच म्हणतो. जेवायला येतो, एक घास तोंडात, दुसरा हातात, आणि म्हणतो, "काय भाऊजी, या खेपेला आराम ना? शनिवारची शर्यत म्हणे अर्ध्या तासात उरकते." आता याला काय सांगायचं? उरकते बाबा, अर्ध्या तासात उरकते, पण ती अर्ध्या तासात उरकावी म्हणून इथे शंभर माणसं तीन आठवडे जागच्या जागी धावत असतात, त्याचं काय? तुम्हाला सांगतो, नेहमीची शर्यत म्हणजे सुख असतं सुख. शुक्रवारी दोन तास सराव, शनिवारी सकाळी आणखी एक. तीन तास! गाडी बाहेर काढा, बिघडवा, आत आणा, सुधारा, ड्रायव्हरने तोंड वाकडं करायचं, आपण परत पाना फिरवायचा, तो परत तोंड वाकडं करणार, आपण परत फिरवणार... निवांत. आणि छोट्या शर्यतीच्या आठवड्याला? तास एकच हो. शुक्रवारी साठ मिनिटं. त्यातही कोणीतरी शहाणा दुसऱ्याच वळणावर गाडी खडीत घालणार, लाल झेंडा लागणार, सगळ्या गाड्या आत, आणि घड्याळ काही आपल्यासाठी थांबत नाही, ते चालूच.

आणि तो तास संपला, छोट्या शर्यतीची पात्रता फेरी सुरू झाली, की गाडीला कुलूप. म्हणजे खरं कुलूप नाही, पण नियमवाले लोक येऊन खुर्ची टाकून बसतात, आणि तुम्ही पाना उचलला की चष्म्यावरून बघतात. गाडीची उंची, पंख, ब्रेक, जे असेल ते असेल, हात लावायचा नाही. शनिवारी छोटी शर्यत झाली की तीन तास कुलूप उघडतं, मग मोठ्या शर्यतीची पात्रता फेरी, की परत बंद, ते थेट रविवारपर्यंत. म्हणजे शुक्रवारी जी चूक केलीत तिला घेऊनच शनिवारी शर्यतीत उतरायचं. माझ्याइतकं हे कोणाला माहीत नाही. त्या चुकीचीच गोष्ट सांगायला मला इथे उभं केलंय.

तर तयारी. तास एकच, म्हणून आपण तो तास आधी फॅक्टरीत जगून घेतो. म्हणजे काय, तर वर्कशॉपमध्ये रिकामी गाडी ठेवायची, इंजिनाशिवाय, आणि तिच्यात ड्रायव्हर म्हणून बसवायचं स्टोअरवाल्याला, कारण गाडीत मावेल एवढा तोच एक बारीक. त्याच्या हातात कार्डं. भिंतीवरचं घड्याळ चालू करायचं आणि दर पाच मिनिटांनी तो एक कार्ड वाचणार. अगदी पाढे म्हटल्यासारखं. "गाडी. वळणात. शिरत नाही." की आपण धावायचं. "मागचा भाग. घसरतो." की आपण परत धावायचं. एकदा त्याने वाचलं, "मला. पाणी. हवं." आम्ही तिघे पाने घेऊन धावलो, तर त्याला खरंच पाणी हवं होतं. हसू नका, अशा बारा तालमी होतात. टायर बदलायची तालीम वेगळी, पुढचा पंख मोडला तर बदलायची वेगळी. खरा ड्रायव्हर तिकडे अंधाऱ्या खोलीत सिम्युलेटरवर बसून त्या ट्रॅकच्या दोनशे फेऱ्या मारतो, बाहेर येतो तेव्हा चेहरा पिळून काढलेला. आणि आमचा इंजिनियर त्या साठ मिनिटांचा मिनिटा-मिनिटाचा तक्ता करतो. त्याला आम्ही 'पॉइंट पाच' म्हणतो, कारण त्याला कशातही पूर्ण आकडा चालत नाही. "काका, गाडी एकोणिसाव्या मिनिटाला आत, साडेतीन मिनिटं थांबेल." का रे बाबा, चार थांबली तर? "चार नाही. तीन पॉइंट पाच."

आणि सगळ्यात महत्त्वाची ती यादी. तुम्हाला आज मिळेल, हरवू नका. आमच्या मुख्य मेकॅनिकने, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, ती बनवली. तीनशे अकरा कामं, आणि प्रत्येक कामापुढे दोन रकाने. पहिला 'केलं', दुसरा 'बघितलं'. करणाऱ्याने तोंडाने मोठ्यांदा सांगायचं, झालं. बघणाऱ्याने जायचं, वाकायचं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग टिक. मास्तर दर वेळी तेच सांगतात, "केलं यावर माझा विश्वास नाही, बघितलं यावर आहे." माझी बघणारी होती ताई. ताई म्हणजे आपली ताई, गिअरबॉक्सची, तुम्ही भेटलात तिला. दहा वर्षांत तिने न बघता एक टिक केली नव्हती. एकच केली, आणि ती माझ्या भरवशावर.

सांगतो, सांगतो. त्यासाठीच बोलावलंय मला.

दोन हंगामांपूर्वीची पहिली छोटी शर्यत. शुक्रवार. तो एक तास. गाडीच्या पुढच्या चाकांपाशी ब्रेकला हवा जायला दोन तोंडं असतात, डावीकडे एक, उजवीकडे एक, आपण त्यांना नाकं म्हणतो. हवा जास्त गेली की ब्रेक थंड पडतो, कमी गेली की तापतो. त्या दिवशी सकाळी गारठा होता. ड्रायव्हर आत आला आणि म्हणाला, "ब्रेक लाकडासारखा लागतोय, धरतच नाही." पॉइंट पाच म्हणाला, "दोन्ही नाकांवर एकेक पट्टी लावा." चंदेरी चिकटपट्टी, दोन बोटं रुंद. लावली. ब्रेक तापला, ड्रायव्हर खूश, तास संपला. मग पॉइंट पाचने हवामानाचा कागद बघितला, उद्या ऊन आहे, पट्ट्या काढा. यादीतलं काम नंबर दोनशे सात. पट्ट्या काढणे, दोन्ही नाकं. करणारा मी.

आता हे काम काय आहे हो? नखाने टोक उचकटायचं आणि ओढायचं. लहान मूल करेल. मी उजवीकडची काढली. आणि डावीकडे वळणार, तेवढ्यात खिशात फोन थरथरला. गॅरेजमध्ये फोन आणायचा नाही, हा नियम यादीत पहिल्या पानावर, वरच आहे, ठळक अक्षरात, तुम्ही वाचाल. मी आणला होता. घरी पाण्याच्या टाकीचा पाइप फुटला होता, प्लंबर आला होता, आणि बायको विचारत होती, "अहो, मेन चावी कुठली?" मी खांबामागे गेलो, तोंडावर हात धरला, आणि म्हटलं, "अगं, डावीकडची." ती म्हणाली, "उजवीकडची बंद केली मी." मी म्हटलं, "अगं उजवीकडची नाही, डावीकडची, डावीकडची बंद कर. डावीकडची विसरू नकोस." तीनदा सांगितलं मी तिला. माझ्या या तोंडाने. तिने बंद केली. घरचं पाणी थांबलं.

मी परत गाडीपाशी आलो. ताईच्या दोन्ही हातांत दोन कामं, दातांत पेन, कानाला हेडफोन. तिने लांबूनच विचारलं, "काका, दोनशे सात?" मी म्हटलं, "झालं." "दोन्ही?" आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात त्या क्षणी डावीकडची चावी बंद झाली होती ना, म्हणून मी अगदी मनापासून म्हटलं, "दोन्ही." तिने टिक केली. दहा मिनिटांत पात्रता फेरी. कुलूप. गाडी तिसरी आली. सगळे नाचले. मी पण नाचलो.

शनिवार. ऊन कसलं, भट्टी. दहाव्या फेरीला डाव्या चाकातून धूर. पॉइंट पाच रेडिओवर, "ब्रेक जपून वापर." ड्रायव्हर म्हणाला, "जपतोय." "आणखी जप." बिचारा इतका जपायला लागला की मागचे एकेक जण टाटा करत पुढे जायला लागले. तिसऱ्यावरून अकरावा. अकराव्याला काय मिळतं? घाम मिळतो. आणि मी टीव्हीच्या पडद्यासमोर उभा, त्या धुराकडे बघतोय, आणि एकदम तो नंबर डोळ्यासमोर आला. दोनशे सात. उजवीकडची काढताना टोक नीट निघालं नव्हतं, ते आठवत होतं. डावीकडचं काहीच आठवत नव्हतं. टाकीची चावी आठवत होती फक्त.

कुलूप उघडल्यावर मी जो पळालो. पन्नाशीचा माणूस, गुडघा असा, पण सगळ्यांच्या आधी गाडीपाशी. वाकलो. होती. डाव्या नाकावर, कडा करपलेल्या, पण घट्ट. इमानदार पट्टी. मी नख घातलं, ओढली, आणि खिशात टाकली. मागोमाग ताई आली, तीही वाकली, बरं का. बघितलं. नाक साफ. ती हुश्श करून सरळ झाली आणि मला म्हणाली, "एक क्षण मला वाटलं, काका, आपणच काही राहू दिलं की काय." मी म्हटलं, "छे." पट्टी माझ्या खिशात.

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? अहो, सांगणारच होतो. पण तीन तासांत गाडी परत पात्रता फेरीला लावायची, सगळे धावतायत, मास्तरांच्या कपाळावरची शीर अशी उभी, म्हटलं संध्याकाळी सांगू. संध्याकाळी म्हटलं, उद्या मोठी शर्यत, कशाला सगळ्यांचं मन मोडायचं, सोमवारी सांगू. सोमवारी फॅक्टरीत गेलो तर तिथे मीटिंग लागलेली. विषय, डावा ब्रेक का तापला? तीस माणसं, एक पडदा. पट्टीचं नाव कोणी काढेना. का काढतील? यादीत दोन टिका होत्या. मास्तरांच्या यादीत दोन टिका म्हणजे विषय संपला. मग हवेवाले उठले. त्यांनी पडद्यावर निळ्या-लाल रेघा दाखवल्या आणि सांगितलं की पुढच्या पंखावरून येणारी हवा डावीकडे जरा आळस करते. हवा आळस करते! त्यावर मोठमोठी शिकलेली माणसं माना डोलावतायत. मी पण डोलावली. पट्टी माझ्या खिशात.

आणि इथपर्यंत ठीक होतं हो. हवेला दोष द्या, तिला कुठे वाईट वाटतंय? पण मग साहेब बोलले. सगळ्यात वरचे. ते म्हणाले, "हवा असेल, किंवा आपला ड्रायव्हर ब्रेकवर फार जोर देत असेल. पुढच्या छोट्या शर्यतीला बघू. तिथेही असंच झालं, तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस शोधावा लागेल."

चेहरा बघायला पाहिजे होता त्या पोराचा. म्हणजे पोर नाही, चांगला सत्तावीस वर्षांचा आहे, पण मला पोरच. मीटिंग सुटल्यावर एकेका मेकॅनिकपाशी गेला, बिस्किटांचा पुडा घेऊन. माझ्यापाशी आला. "काका, सॉरी. तुम्ही सगळ्यांनी गाडी इतकी छान दिली होतीत, मीच ब्रेक भाजला." मी काय केलं असेन? बिस्किट घेतलं. घेतलं मी. खाल्लं पण. वर म्हटलं, "असू दे रे, होतं असं." मोठेपणा बघा माझा. मी त्याला माफ केलं!

तुम्हाला सांगतो, चोराला झोप लागते, मला लागेना. ती पट्टी टाकून द्यावी म्हटलं तर टाकवेना. टाकली म्हणजे मग खरंच लपवल्यासारखं होईल, खिशात आहे तोवर सांगायची राहिलीय एवढंच, असं माझं मी ठरवलेलं. बायकोने पँट मशीनला लावली, तर बाहेर पट्टी निघाली मुलीच्या गणवेशाच्या पाठीला चिकटून. "अहो, हे काय कचरा खिशात बाळगता?" मी झडप घालून घेतली. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "काय केलंत?" काय झालं असं नाही विचारलं हो, काय केलंत! बावीस वर्षांचा संसार आहे, तिला काय सांगावं लागतं? मी म्हटलं, "कुठे काय." ती म्हणाली, "बरं. जेव्हा सांगायचं तेव्हा सांगा, पण तोवर माझ्या मशीनला घालू नका."

आणि त्यात मेहुणा. वाढदिवसाला भेट घेऊन आला, हा एवढा फोटो, काचेच्या फ्रेममध्ये. आमचीच गाडी. त्याच शर्यतीतली. आणि कुठल्या बाजूने काढलेली? डाव्या. जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकून लावला त्याने. मी घास उचलला की समोर गाडी, गाडीच्या पुढे चाक, चाकाशी नाक आणि नाकावर चंदेरी रेघ. तांदळाच्या दाण्याएवढी. कोणाला दिसत नाही. मला ती सोडून काहीच दिसत नाही. मी जागा बदलून भिंतीकडे पाठ करून बसायला लागलो, तर समोरच्या कपाटाच्या काचेत तीच गाडी उलटी दिसते. उलटी म्हणजे पट्टी उजवीकडे. तेवढाच बदल.

इकडे फॅक्टरीत पुढच्या छोट्या शर्यतीची तयारी सुरू. मला वाटलं, विसरतील. कसले विसरतात! हवेच्या आळशीपणावर उपाय म्हणून तीस माणसांनी दोन महिने खपून डावीकडचं नाक नवीन बनवलं. मोठं. फक्त डावीकडचं. हवेच्या बोगद्यात पंखे लावून हवा सोडली, साचे केले, मोडले, परत केले. पॉइंट पाच छाती फुगवून सांगत होता, "शनिवारी जेवढी हवा कमी पडली, बरोब्बर तेवढीच जास्त जाईल असं भोक ठेवलंय." आणि मी हिशेब केला. कमी किती पडली होती? माझ्या पट्टीएवढी. म्हणजे तीस शिकलेल्या माणसांनी दोन महिन्यांत माझ्या पट्टीच्या आकाराचं भोक बनवलं होतं. आणि पुढच्या वेळी तर पट्टी नसणार. म्हणजे डावा ब्रेक थंड, उजवा गरम, गाडी ब्रेक मारताना वाकडी पळणार, आणि साहेब म्हणणार, बघा, ड्रायव्हरच.

त्या दोन महिन्यांत मी अकरा वेळा सांगायला गेलो. मोजलंय. एकदा मास्तरांच्या दारापर्यंत गेलो, तर ते म्हणाले, "काका, बरं आलात, मी आत्ताच सगळ्यांना सांगत होतो, यादी कशी भरावी ते काकांकडून शिका." मी परत फिरलो. एकदा ताईपाशी गेलो, तर ती डोळे चोळत होती, तिसरी तालीम संपवून. एकदा ड्रायव्हरपाशी गेलो. तो सिम्युलेटरवर होता. साठ फेऱ्या फक्त ब्रेकच्या, हळू दाबायचा सराव. मला बघून काचेतून म्हणाला, "काका, बघा, आता जमतंय. आता नाही भाजणार." त्या पोराचा पाय चांगला होता हो. सोन्यासारखा पाय. आणि माझ्यामुळे तो स्वतःचा चांगला पाय मोडून नवा, भित्रा पाय शिकत होता. मी अंगठा वर केला. पट्टी माझ्या खिशात.

आला शुक्रवार. तास एकच हो. घड्याळ सुरू. पहिली फेरी, दुसरी, तिसरी, आणि रेडिओवर त्याचा आवाज. "गाडी ब्रेकला उजवीकडे ओढतेय." पॉइंट पाच म्हणाला, "किती?" "बरीच." आकडे बघ, कागद बघ, पंख बघ, सगळे पंख बघतायत. नव्या नाकाकडे कोण बघेल, ते तर औषध होतं. बावीस मिनिटं गेली. गाडी आत. हेल्मेटच्या आतून त्याचे डोळे तेवढे दिसतायत, आणि तो रेडिओवर, सगळ्यांच्या कानात, अगदी हळू विचारतो, "मी काही चुकीचं करतोय का? मला खरंच कळत नाहीये. सांगा ना कोणीतरी."

सांगा ना कोणीतरी.

माझ्या हातात टायरचे नट सोडवायची गन होती, ती मी खाली ठेवली. खिशातून पट्टी काढली. हेडफोनचं बटण दाबलं आणि एका दमात म्हटलं, "तो नाही. मी. मागच्या वेळी डावीकडची पट्टी मी काढलीच नव्हती, दोन्ही काढल्या असं खोटं... खोटं नाही, पण काढली नव्हती, शर्यतीनंतर गुपचूप काढली, ही बघा, ताईने माझ्या शब्दावर टिक केली, हवा आळशी नाही, ड्रायव्हरचा पाय चांगला आहे, नवीन नाक चुकीचं आहे. मी फोनवर होतो." संपलं. चाळीस माणसांच्या कानात.

मला वाटलं, आता मास्तर गन फेकतील. ताई मारेल. ताईचा चेहरा... नको, तो सोडा. आणि पॉइंट पाचने काय विचारलं माहितीये? "रुंदी किती?" मी म्हटलं, "काय?" "काका, पट्टीची रुंदी." मी पट्टी पुढे केली. त्याने मोजपट्टीने मोजली. तिथेही, "एकोणचाळीस पॉइंट पाच," म्हणाला, आणि मास्तरांकडे वळला, "एवढीच नवी पट्टी डावीकडे लावा, बरोबर होईल." मास्तर म्हणाले, "लावा. काकांना ओरडायला आत्ता वेळ नाही, सोमवारी ओरडू." कारण तास एकच. सदतीस मिनिटं उरली होती. पट्टी मीच लावली, आणि ताई माझ्या डोक्यावर वाकून उभी, नाकाला नाक लावून बघत. टिक केली तिने. पेन कागदातून आरपार गेलं.

तेवढ्या दोन मिनिटांत रेडिओवर तो एकदाच बोलला. "म्हणजे... मागच्या वेळी पण माझी चूक नव्हती?" मग मीच म्हटलं, "नव्हती रे." तो म्हणाला, "बरं." आणि गेला. आणि तुम्हाला सांगतो, पहिल्याच वळणावर त्याने जो ब्रेक मारला, इतका उशिरा की मास्तरांनी डोळे मिटले. जुना पाय. शनिवारी चौथा आला. साहेबांनी पुढच्या दोन वर्षांसाठी ठेवून घेतला त्याला.

सगळे खूश. मला वाटलं, सुटलो. संध्याकाळी तो आला माझ्यापाशी. बिस्किटं नव्हती या वेळी. मी म्हटलं, "ओरड मला, तुला हक्क आहे." तो ओरडला नाही. म्हणाला, "काका, मी दोन महिने घरी फोन केला की आईला सांगत होतो, मला बहुतेक हे जमत नाही. ती म्हणायची, ये परत, काही बिघडत नाही. मी बॅगसुद्धा भरून ठेवली होती." एवढंच. आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं हो. ओरडणं एका दिवसात विरतं. ती भरलेली बॅग मला अजून दिसते, आणि मी ती पाहिलेलीसुद्धा नाही.

आता तो हसतो माझ्याशी, बोलतो, सगळं करतो. फक्त प्रत्येक वेळी गाडी बाहेर काढण्याआधी रेडिओवर विचारतो, "काका, पट्ट्या?" चाळीस माणसांच्या कानात. पट्ट्या लावलेल्या असोत नसोत, पाऊस असो ऊन असो. मी म्हणायचं, "दोन्ही बघितल्या." मग तो विचारतो, "ताई?" आणि ताई म्हणते, "मी पण." मग गाडी हलते. दोन हंगाम झाले. एकदाही विसरला नाही तो.

सोमवारी मास्तर ओरडले का? नाही. त्यांनी यादीत एक काम वाढवलं. नंबर तीनशे बारा. छोट्या शर्यतीच्या आधी जे कोणी नवीन येतील, त्यांना काकांनी एक तास बसवून ही गोष्ट सांगणे, काही न गाळता. करणारा मी. ऐकणारे तुम्ही. तुमची ही सातवी तुकडी. सात वेळा हे बिस्किट खाल्लंय मी. बायकोला मी पहिल्याच रात्री सांगितलं होतं, ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. आता तो फोटो काढू का भिंतीवरून?" मी म्हटलं, राहू दे. पट्टी? ही काय. माझ्या खिशात. बघा हवं तर, हात लावा, गोंद अजून आहे.

असो. घड्याळ बघा, साठ मिनिटं झाली. तास एकच हो. कागद आला का फिरून? द्या इकडे. सह्या... सगळ्यांच्या आहेत, छान, आणि पुढे 'बघितलं' म्हणून टिका, त्याही सगळ्यांच्या. वीस सह्या, वीस टिका.

थांबा.

खोलीत माणसं किती आहेत? मोजा ना. मी मोजतोय तर एकोणीसच होतायत. आणि ती मागची खुर्ची मी आल्यापासून रिकामी आहे. शेजारी कोण आहे तिच्या? तिथल्या माणसाची सही कोणी केली? तुम्ही? तो पोचेलच, पार्किंगला गेलाय, असं कोणी सांगितलं तुम्हाला? त्याने फोनवर?

नाही, रागवत नाही. मी कुठल्या तोंडाने रागावू? दार लावा, फोन इथे टेबलावर ठेवा, त्याला आत बोलवा, आणि बसा सगळे परत. तर काय सांगत होतो... छोटी शर्यत म्हणजे छोटं काम, हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका.